दुर्जनांचं शेवटी काय होतं?

'नरक' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे यमदूत, उकळत्या कढया आणि चित्रगुप्ताची वही उभी राहते. पुराणांतला हा नरक मात्र कायमचा नव्हे. भोग सरले की जीव पुन्हा जन्म घेतो. म्हणून मराठी बायबलात हाच शब्द भेटला, की श्रोत्यांनी जरा थांबून त्याचा अर्थ पाहावा.

बायबलाच्या जुन्या करारात आहे तो 'शिओल', म्हणजे अधोलोक. मृतांचं ते अंधारं, निःशब्द स्थान. सज्जन काय नि दुर्जन काय, सारे तिथंच जायचे. मग न्याय कुठं राहिला? ७३व्या स्तोत्राच्या कर्त्याला हाच प्रश्न छळत होता. दुष्टांची भरभराट पाहून त्याची श्रद्धाच डळमळू लागली होती. आपणही असं रोज पाहतोच की! पुढं दानिएलाच्या ग्रंथात उत्तर आलं: मृत उठतील, काही जीवनासाठी, तर काही कायमच्या अप्रतिष्ठेसाठी.

येशूनं वापरलेला शब्द 'गेहेन्ना'. हे मुळात यरुशलेमजवळच्या हिन्नोम दरीचं नाव. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथं आपली मुलं अग्नीत अर्पण केली. योशीया राजानं पुढं ते स्थान भ्रष्ट करून ही चाल मोडली. जिथं निष्पाप लेकरं जळाली, तीच दरी पुढं पापाच्या शिक्षेचं नाव झाली.

ही शिक्षा किती काळाची? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला शेवटी सर्वांच्या उद्धाराची आशा होती. पाचव्या शतकात ऑगस्टीननं ती अनंत असल्याचं ठासून सांगितलं. दुष्टांचा समूळ नाश होतो, असं मानणारेही आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही.

न्यायाची कसोटी मात्र मत्तयाच्या २५व्या अध्यायात स्वच्छ सांगितली आहे. भुकेल्याला अन्न दिलं का? परक्याला घरात घेतलं का? तुरुंगातल्याची विचारपूस केली का? तिथं दोषी ठरलेल्यांवर खुनाचा किंवा दरोड्याचा आरोप नाही. त्यांनी काही केलंच नाही, हाच त्यांचा अपराध. आणि यहेज्केल संदेष्टा सांगतो, की दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही. त्यानं मागं फिरावं, हीच त्याची इच्छा.

तेव्हा दुर्जनांचं काय होणार, हे शेजाऱ्याकडे बोट दाखवून विचारण्याआधी, आपल्या दाराशी आलेल्या भुकेल्याचं आपण काय केलं, हे स्वतःला विचारलेलं बरं.