पिकअप गाडीचें इंजिन : साधें कीं टर्बोचें ?



मिरचीच्या हंगामांत नंदुरबारच्या बाजारसमितीच्या आवारांत पहांटे उभें राहिलें, म्हणजे पिकअप गाड्यांची रांग दृष्टीस पडते. कोणी नवापुराकडून आलेला असतो, कोणी शहाद्याकडून. आणि धडगांवच्या डोंगरांतून हंगामाप्रमाणें सीताफळें किंवा आमचूर घेऊन येणारा तर अर्धी रात्र घाटांत काढून आलेला असतो. पूर्वीं ज्या घरांत बैलजोडी ही दौलत होती, त्या घरांत आज पिकअप गाडी ही दौलत झाली आहे. बैलजोडी घेतांना आमचे वडील तिचे दांत पाहत, खूर पाहत, नांगराला जुंपून पाहत. गाडी घेतांना मात्र आमचा तरुण रंग पाहतो, हप्ता विचारतो, आणि इंजिनाविषयीं एकच प्रश्न करतो, "टर्बो आहे ना ?" हा टर्बो म्हणजे काय, तो काय देतो आणि मोबदल्यांत काय मागतो, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेंत केलेला एक शिक्षक आहें. परंतु माझ्या एका विद्यार्थ्यावर या टर्बोपायीं जो प्रसंग ओढवला, त्यांत थोडा दोष माझाहि होता. म्हणून उतारवयांत हा विषय मला शिकावा लागला. तो प्रसंग पुढें सांगेन. आधीं इंजिन श्वास कसा घेतें तें पाहूं.

मळ्यांतल्या विहिरीवरचें जुनें ऑईल इंजिन आठवा. विजेचे पंप येण्यापूर्वीं खानदेशांत त्याच्या फटफट आवाजावर रात्रींचें पाणी भरलें जाई. त्या इंजिनाचें आणि पिकअपच्या डिझेल इंजिनाचें कूळ एकच. दट्ट्या खालीं सरकला कीं नळकांड्यांत हवा शिरते. तो वर आला कीं ती हवा दाबली जाऊन अतिशय तापते. त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा उडतो व आपोआप पेट घेतो. त्या भडक्यानें दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो, आणि पुन्हां वर येतांना जळलेला वायु बाहेर लोटतो. या चार क्रियांवरच सारी गाडी चालते.

शक्ति डिझेलमध्यें असते खरी. पण डिझेल जळतें हवेच्या जोरावर. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. चुलींत लांकडें कोंबलीं आणि फुंकणी घातली नाहीं, तर जाळ होत नाहीं, धूरच होतो. तद्वत् हवा अपुरी असतां डिझेल जास्त सोडलें, तर गाडी ओढ घेत नाहीं, काळा धूर ओकते. म्हणून इंजिनाची शक्ति वाढवावयाची, तर त्याला हवा अधिक दिली पाहिजे. ती देण्याचे मार्ग दोन.

पहिला मार्ग नळकांडीं मोठीं करण्याचा. साध्या इंजिनांत दट्ट्या आपल्या ओढीनें जेवढी हवा घेईल तेवढीच. अधिक शक्ति हवी असेल, तर इंजिन मोठें आणि जड करावें लागतें. दुसरा मार्ग लोहाराचा. लोहार भट्टी मोठी करीत नाहीं. तो भाता लावतो. टर्बो हा इंजिनाचा भाता होय. परंतु लोहाराचा भाता ओढण्यास एक पोऱ्या लागतो. येथें तें काम बाहेर जाणारा तप्त वायूच करतो. इंजिनांत जळलेल्या डिझेलची सुमारें एकतृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे फुकट जात असते. त्या वायूच्या वाटेंत एक पंख्यासारखें चाक बसवितात. पाणचक्की जशी पाण्यानें फिरते, तसें तें वायूनें फिरतें. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक असतें. तें बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनांत भरतें. दाबलेली हवा तापते व फुगते, म्हणून तिला निववण्यासाठीं वाटेंत एक जाळी ठेवतात. तिला इंटरकूलर म्हणतात. आंसाची ही फिरकी एका मिनिटांत लाखाहूनहि अधिक फेरे घेऊं शकते. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

ही युक्ति आजची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १९२० च्या दशकांत दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांस ती लावली, तेव्हां त्यांची शक्ति १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. दरम्यान १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफोर्ड मॉस यानें एक विमानाचें इंजिन पाइक्स पीक नांवाच्या, सुमारें ४३०० मीटर उंचीच्या पर्वतावर नेलें. सागरसपाटीस ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथील विरळ हवेंत २३० वर आलें. टर्बो लावतांच तें ३५६ वर गेलें. या एका प्रयोगांत आमच्या सातपुड्याला लागू पडणारा धडा आहे.

तो धडा असा. उंचीवर हवा विरळ होते, आणि साधें इंजिन दर शंभर मीटर चढास सुमारें एक टक्का शक्ति गमावतें. तोरणमाळ सुमारें ११५० मीटर उंचावर आहे. म्हणजे शहाद्याहून निघालेली भरलेली गाडी सातपायरीचा घाट चढून वर पोंचते, तेव्हां साध्या इंजिनाची जवळजवळ दहावा हिस्सा शक्ति वाटेंतच गळालेली असते. त्यांत वैशाखाचें ऊन असेल, तर तापलेली हवा आणखी विरळ. टर्बोचें इंजिन ही तूट बरीचशी भरून काढतें. चढावर जेथें पूर्वीं पहिला गियर टाकावा लागे, तेथें आतां दुसऱ्यावर गाडी निघते, ती यामुळेंच.

आंकड्यांनीं पाहूं. १९८८ सालीं टाटा मोबाईल ही पिकअप बाजारांत आली. तिचें सुमारें दोन लिटरचें साधें डिझेल इंजिन सत्तरांहून कमी अश्वशक्तीचें होतें. त्याच कारखानदाराच्या योद्धा गाडीचें २.२ लिटरचें टर्बो इंजिन १०० अश्वशक्तीचें आहे. इंजिन थोडेंच मोठें, पण बळ पुष्कळ अधिक. २००५ सालच्या टाटा एसचें दोन नळकांड्यांचें, सुमारें ७०० सी.सी.चें साधें इंजिन १६ अश्वशक्तीचें होतें. गांवांतल्या गांवांत किराणा पोंचवण्यास तेंहि पुरलें. म्हणजे बळाची गरज कामावरून ठरते.

मग साध्या इंजिनाच्या पदरीं गुण नाहींत काय ? पुष्कळ आहेत. त्यांत भाग थोडे, म्हणून बिघडण्यासारखें थोडें. मोलगीच्या किंवा खांडबाऱ्याच्या रस्त्यावरचा मिस्त्री तें झाडाखालीं उघडून दुरुस्त करूं शकतो. ऑईल बदलण्यास चार दिवस उशीर झाला, तर तें कुरकुरतें, पण लगेच मान टाकीत नाहीं. शिवाय पाय दाबतांच तें आहे तेवढें बळ देतें. टर्बोच्या इंजिनांत फिरकीला वेग येईपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. अगदीं कमी फेऱ्यांवर भाता रिकामाच असतो. अवघड वळणावर उंच गियरमध्यें गाडी रखडवणाऱ्याला टर्बोचा कांहींच लाभ होत नाहीं. डिझेलची बचतहि बेताच्या ओझ्यावर आणि बेताच्या वेगावर होते; बळ आहे म्हणून दीडपट माल भरणाऱ्यानें बचतीची गोष्ट काढूं नये.

आतां माझ्या विद्यार्थ्याची हकीकत. धडगांवाकडील एका पाड्यावरचा हा मुलगा. शिकण्यांत मध्यम, कष्टाला खंबीर. त्यानें कर्ज काढून टर्बोची पिकअप घेतली व चांदसैली घाटांतून तळोद्याकडे माल नेऊं-आणूं लागला. आठ महिने बरें चाललें. मग एके दिवशीं चढावर गाडीनें शिटीसारखा आवाज काढला, मागें निळा धूर सुटला आणि ओढ संपली. मिस्त्रीनें उघडून पाहिलें, तों टर्बोचा आंस खिळखिळा होऊन चाक कडेला घासलेलें. दुरुस्तीच्या खर्चांत तीन हप्ते थकले, आणि आईच्या चांदीच्या वाक्या गहाण पडल्या. तो माझ्याकडे येऊन बसला व म्हणाला, "गुरुजी, मीं तर गाडीला लेंकरासारखी जपली. रोज धुतली. मग असें कां झालें ?"

मीं त्याला विचारलें, "अरे, घाट चढून आलास म्हणजे काय करतोस ?" तो म्हणाला, "माथ्यावर चहाला थांबतों. थांबतांच किल्ली बंद करतों. डिझेल फुकट जाळूं नये, हें तुम्हीच शाळेंत शिकवलें होतें." मी निरुत्तर झालों. मीं शिकवलें तें खरें होतें. पण तें कोठें लागू पडतें आणि कोठें नाहीं, हें मीं सांगितलें नव्हतें, कारण मला तें ठाऊक नव्हतें.

कारण असें. ती मिनिटाला लाख फेरे घेणारी फिरकी ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑईलच तिला गुळगुळीत ठेवतें आणि निववतेंहि. घाट चढतांच टर्बोचें एक अंग अतिशय तापलेलें असतें. त्या क्षणीं इंजिन बंद केलें, कीं ऑईलचा पुरवठा थांबतो. आंत राहिलेलें ऑईल त्या उष्णतेनें करपतें आणि त्याचा कोळसा होऊन बारीक वाटा बुजतात. एक दिवसानें कांहीं होत नाहीं. आठ महिने रोज झालें, म्हणजे आंस झिजतो. त्यांत त्या मुलानें स्वस्त मिळालें म्हणून सुटें ऑईल घातलें होतें, आणि हवेची गाळणी धुळीनें भरलेली होती.

म्हणून टर्बोची गाडी बाळगणारानें पुढील चार नियम पाळावे. चढ चढून किंवा भरधांव येऊन थांबल्यावर इंजिन एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें, मग किल्ली फिरवावी. सकाळीं गाडी सुरू होतांच पाय दाबूं नये. ऑईल वरपर्यंत पोंचण्यास अर्धा मिनिट द्यावा. ऑईल व त्याची गाळणी गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचीच व सांगितलेल्या मुदतींत बदलावी. हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत वरचेवर पाहावी, कारण धुळीचा कण त्या वेगानें फिरणाऱ्या चाकाला खड्यासारखा लागतो. निळा धूर किंवा नवी शिटी ऐकूं आली, तर त्याच दिवशीं मिस्त्रीकडे जावें. काळा धूर व ओढ कमी, असें असेल, तर हवेची नळी फुटली किंवा निसटली आहे काय तें आधीं पाहावें; पुष्कळदां थोड्या खर्चांत काम भागतें.

आतां मूळ प्रश्न. साधें घ्यावें कीं टर्बोचें ? नव्या गाडीपुरता हा प्रश्न बहुतेक मिटलेला आहे. धुरावरचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालें, आणि मोठ्या डिझेल पिकअपला टर्बोवांचून ते पाळणें अवघड. निवड उरते ती जुन्या गाडीच्या बाजारांत. ज्याचें काम सपाटीवर, ओझें बेताचें, हातांत पैसा थोडा आणि मिस्त्री जवळचा, त्यानें साध्या इंजिनाची जुनी गाडी घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र सुटे भाग मिळतात काय आणि पासिंग होईल काय, हें आधीं पाहावें. ज्याला कोंडाईबारी, चांदसैली किंवा तोरणमाळचा घाट नित्य चढावयाचा आहे, त्यानें टर्बोचीच घ्यावी. पण जुनी घेतांना आधींच्या मालकानें ऑईल केव्हां केव्हां बदललें, हें विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत. बैलाचे दांत पाहण्यासारखेंच तें आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें नवा टर्बो बसवला. आतां तो माथ्यावर गाडी थांबवतो, इंजिन मंद चालूं ठेवून चहा सांगतो, आणि चहा हातीं आला कीं मग किल्ली बंद करतो. वाक्या अजून सुटावयाच्या आहेत. त्या या हंगामांत सुटतील असें तो म्हणतो. माझ्या हातून जो धडा अर्धा शिकवला गेला, तो पुरा करण्याची संधि आज मिळाली.