बाटलीतले रोप आणि वाळवंटाचा वारा

पौडसारख्या पावसाच्या गावी वाळवंटी झुडुपाची कथा कशाला, असे श्रोत्यांस वाटेल. पण आमच्या कामगार बांधवांचे गुडघे धरले की वैद्य योगराज गुग्गुळ देतात. तो गुग्गुळ म्हणजे कच्छ-राजस्थानकडील एका काटेरी झुडुपाचा डिंक. खोडाला खाच दिली की तो पाझरतो; खाच फार खोल गेली की झुडूपच मरते. आज ते अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते. त्याचे बी कमी उगवते. फांदीचे कलम लागते, पण त्यासाठी उरलेल्या झाडांच्याच फांद्या तोडाव्या लागतात.

येथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडते. डोळा असलेले लहानसे पेर निर्जंतुक करून बाटलीत ठेवायचे. खाली समुद्रशेवाळापासून केलेला अगर, त्यात साखर, क्षार आणि संप्रेरके. सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब फुटतात, ऑक्झिन अधिक असेल तर मुळे. हे प्रमाणाचे गणित स्कूग व मिलर यांनी १९५७ साली तंबाखूवर दाखविले. एका कोंबाचे अनेक कोंब होतात. ते वेगळे करून पुन्हा लावायचे.

ही विद्या आपल्यापासून दूर नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मास्कारेन्हस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागाची रोपे अशीच वाढविली. रानात कित्येक दशकांनी फुलणारा बांबू बाटलीतच फुलल्याचे त्यांनी १९९० साली जगापुढे मांडले.

मात्र बाटलीतून रोप निघाले म्हणजे काम संपले नाही. आत हवा दमट, साखर आयती. म्हणून पानांवर मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे रोप एकदम उन्हात नेले तर पाणी गमावून वाळते. ते आधी दमट सावलीत, मग हळूहळू कोरड्या हवेत सरावावे लागते. शिवाय एकाच झाडाची सगळी रोपे सारखी. एक रोग सर्वांना नेऊ शकतो. म्हणून अनेक झाडांचे कोंब घ्यावेत.

आणखी एक गोष्ट आम्ही चळवळीत शिकलो. ज्याची चूल आजच्या डिंकावर पेटते, त्याला उथळ खाच परवडत नाही. त्याला रास्त दाम मिळाला नाही, तर प्रयोगशाळेने लाख रोपे दिली तरी ती त्याच सुरीखाली जातील. रोप जगवायचे तर खाच देणारा हातही जगला पाहिजे.