अंड्यावरची नक्षी

टोमॅटो फुलावर आला, की अंधार पडल्यावर एक मातकट रंगाचा पतंग मळ्यात फिरू लागतो. मादी कोवळ्या पानावर एक अंडे घालते, उडते, दुसऱ्या पानावर दुसरे घालते. एका मादीची अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात. हिच्याच अळीला हरभऱ्यावर आपण घाटेअळी म्हणतो, कपाशीवर हिरवी बोंडअळी. नावे निराळी, अळी एकच.

अंडे केवढे? जेमतेम अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहून लहान. नुसत्या डोळ्यांना पिवळसर ठिपका दिसतो. आम्ही तो भिंगाखाली धरला आणि बघतच राहिलो. लाल भोपळ्याला असतात तशा त्याला उभ्या धारा! मोठ्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणाऱ्यांनी त्या मोजल्या आहेत. सुमारे २४ भरतात. दोन धारांमध्ये बारीक आडव्या रेघाही असतात.

ही नक्षी काढली कोणी? गोवरी थापताना तिच्यावर बोटे उमटतात ना, तसेच हे. आईच्या पोटात अंड्याभोवती बारीक पेशी असतात. त्याच अंड्यावर कवच चढवतात, आणि त्यांचाच ठसा कवचावर राहतो.

कवच टणक असले तरी बंद नसते. शेंड्यावर अतिबारीक छिद्रे असतात. अंडे बाहेर पडण्याआधी नराचे बीज तिथूनच आत जाते. कवचाला हवेसाठीही छिद्रे असतात. आतला जीव त्यांतून श्वास घेतो.

तीन-चार दिवसांत अंडे तपकिरी होते आणि फुटते. अळी आधी पाने खरवडते, मग फळात शिरते. एकदा आत शिरली, की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अंडी आहेत तोवरच पाने उलटून बघायची.

बघताना एखादे अंडे काळे कुळकुळीत दिसेल. ते सडले असे समजून चिरडू नका! चिलटाहून बारीक अशी एक माशी आहे. तिचे नाव ट्रायकोग्रामा. ती पतंगाच्या अंड्याला भोक पाडून आत आपले अंडे घालते. तिचे पिल्लू आतला सगळा ऐवज खाते, आणि अंडे काळे पडते. त्यातून अळी निघत नाही, माशी निघते. अशी काळी अंडी बरीच असली, तर फवारणीची घाई करू नये. पुष्कळ औषधे या माशीलाही मारतात.

आठवड्याने तेच पान पुन्हा बघा. काळ्या कवचाला एक गोल भोक पडलेले असेल. धारा मात्र तशाच असतील.