प्रतिज्ञा मुळात तेलुगूत होती

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सकाळपासूनच सुरू असतो. शाळा भरली की त्या खडखडाटावर मुलांचा आवाज चढतो. आधी राष्ट्रगीत, मग प्रतिज्ञा. उजवा हात समोर ताठ धरलेला, ताल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, दम घ्यायच्या जागाही त्याच. शब्द मात्र तेलुगू. शाळा तेलुगू माध्यमाची आहे आणि मुलं पद्मशाली विणकरांच्या घरची. लहानपणी त्या भिंतीशेजारून जाताना मला वाटायचं, आपली प्रतिज्ञा यांनी तेलुगूत करून घेतलीय. पुष्कळ वर्षांनी समजलं की गोष्ट नेमकी उलटी होती. प्रतिज्ञा त्यांच्या भाषेत आधी लिहिली गेली आणि आपल्याकडे नंतर आली.

ती लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ साली, विशाखापट्टणमला. ते तिथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. मूळचे तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातले. सोलापूरच्या विणकरांचे पूर्वजही त्याच तेलंगणातून माग घेऊन इकडे आले होते. ही प्रतिज्ञा आधी आंध्रातल्या शाळांमध्ये म्हटली जाऊ लागली. १९६४ च्या ऑक्टोबरात बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री, मुंबईचे एम. सी. छागला अध्यक्षस्थानी होते. तिथे प्रतिज्ञा देशभर न्यायची ठरली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती सगळीकडच्या शाळांत आली. देशातल्या परंपरा नाना प्रकारच्या आहेत याचा अभिमान प्रतिज्ञेतच सांगितलेला आहे. रोजच्या घोकण्यात त्या वाक्याकडे आपलं लक्ष जात नाही. पुस्तकात बहुधा लेखकाचं नावही नसतं.

ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्याच दिवशी मद्रास राज्य पेटलं होतं. राज्यघटना अमलात आल्यापासून केंद्राच्या कारभारात पंधरा वर्षं इंग्रजी चालू राहील, असं घटनेने ठरवलं होतं. ती मुदत २६ जानेवारी १९६५ ला संपत होती आणि त्यानंतर हिंदीच मुख्य राजभाषा होणार होती. मद्रासमधली कॉलेजची मुलं रस्त्यावर उतरली. काहींनी स्वतःला जाळून घेतलं, ठिकठिकाणी गोळीबार झाला, माणसं मेली. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. अखेर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना रेडिओवरून सांगावं लागलं की इंग्रजी चालू ठेवण्याचा हिंदी न बोलणाऱ्या राज्यांना नेहरूंनी दिलेला शब्द पाळला जाईल. १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन इंग्रजी कायम राहिली.

म्हणजे एका दाक्षिणात्य माणसाने लिहिलेली देशप्रेमाची प्रतिज्ञा देशातली मुलं ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणू लागली, त्याच दिवशी दुसऱ्या एका दाक्षिणात्य राज्यातली मुलं आपल्या भाषेसाठी जीव देत होती. यातलं देशप्रेमी कोण, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. तमिळ मुलांचं भांडण देशाशी नव्हतं. देशात राहायचं तर आपल्या भाषेला दुय्यम मानून राहा, ही अट त्यांना मान्य नव्हती.

याआधीचा इतिहासही हेच सांगतो. द्रविड मुन्नेत्र कळघम हा मद्रासमधला पक्ष खरोखरच वेगळं राष्ट्र मागत होता. १९६२ च्या मे महिन्यात त्याचे नेते अण्णादुराई यांनी राज्यसभेत उभं राहून ते उघडपणे मांडलं. पण त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि त्यांच्या पक्षाने ती मागणी बाजूला ठेवून देशाच्या संरक्षणामागे बळ उभं केलं. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि फुटीरतेची मागणी घेऊन निवडणूक लढवणं अशक्य झालं. पण ती मागणी कायद्याच्या धाकाने विझली असं मला वाटत नाही. १९६७ मध्ये हाच पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला, अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि १९६९ मध्ये राज्याचं नाव तमिळनाडू झालं. जे हवं होतं ते देशात राहून मिळालं, मग देश सोडायचा कशाला?

हे शहाणपण आपल्याला सहज आलेलं नाही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनातच आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे केल्या होत्या. स्वराज्य आलं की प्रांतही तसेच होतील, असं लोक धरून चालले होते. पण स्वातंत्र्य फाळणीसकट आलं आणि पुढारी धास्तावले. १९४८ मध्ये दार आयोगाने भाषावार प्रांतांना नकार दिला. १९४९ मध्ये नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही थांबा असंच सांगितलं. धर्मावरून एकदा देश तुटला, आता भाषेवरून तुटायला नको, ही त्यांची काळजी होती. ती खोटी म्हणता येणार नाही. पंजाब आणि बंगालमधून येणारे निर्वासितांचे लोंढे ज्यांनी पाहिले, त्यांना तसं वाटणं साहजिकच होतं.

मग पोट्टी श्रीरामुलू यांनी आंध्र राज्यासाठी मद्रासमध्ये प्राणांतिक उपोषण केलं आणि १५ डिसेंबर १९५२ ला ते गेले. आंध्रात उद्रेक झाला आणि काही दिवसांतच केंद्राला राज्याची घोषणा करावी लागली. १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला देशाचा नकाशा नव्याने आखला गेला. त्यात महाराष्ट्राला महाराष्ट्र मिळाला नाही, मुंबईचं द्वैभाषिक मिळालं. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, १०६ हुतात्मे, अखेर १ मे १९६०. त्यातली एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. देशाच्या नोटांवर त्यांची सही असायची. या माणसाला देशाचं भान नव्हतं असं कोण म्हणेल? पण मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तसं वाटणं देशाच्या आड येतं असं त्यांनी मानलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. ती आज फारशी कुणी उघडत नाही, पण या विषयावर इतकं सडेतोड आणि समतोल लिखाण दुसरं सापडणं कठीण. राज्य एका भाषेचं असावं, पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे असं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. धोकाही त्यांनी दाखवला. प्रादेशिक भाषाच राज्याची राजभाषा झाली तर उद्या ती राज्यं स्वतंत्र राष्ट्रं व्हायला बघतील, म्हणून राज्यांच्या कारभारातही हिंदीच असावी, असं त्यांनी सुचवलं. दुसरी भीती त्याहून बोचरी होती. प्रत्येक भाषिक राज्यात एखादी मोठी जात सगळं बळकावेल आणि लहान समाजांची गळचेपी होईल. पहिली भीती खरी ठरली नाही. दुसरी ठरली नाही असं महाराष्ट्रात बसून म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या शेजारच्या देशांनी दुसरी वाट धरली. १९४८ मध्ये ढाक्याला जाऊन जिनांनी सांगितलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे बंगालीला मान्यता मिळाली, पण मन तुटलं ते तुटलंच, आणि १९७१ मध्ये देशही तुटला. श्रीलंकेने १९५६ मध्ये, म्हणजे आपण भाषावार राज्यं केली त्याच वर्षी, सिंहली ही एकच राजभाषा करणारा कायदा केला. तमिळ माणूस आपल्याच देशाच्या कचेरीत परका झाला. दुखणी इतरही होती, पण १९८३ ते २००९ इतकं लांबलेल्या यादवीची मुळं शोधताना हा कायदा टाळून पुढे जाता येत नाही.

हे सगळं मी आमच्या गावात बसून लिहितो आहे, आणि ते मुद्दाम. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांशिवाय बाजार होत नाही. थोरल्या बहिणीला मराठी घरातही अक्का म्हणतात आणि तेलुगू, कानडी घरांतही अक्काच. आमच्या मराठीत ‘काय करलालास बे?’ असं विचारतात. पुण्याच्या माणसाला ते अशुद्ध वाटतं, आम्हाला त्यात घर दिसतं. बाराव्या शतकातल्या ज्या सिद्धरामेश्वरांना हे शहर ग्रामदैवत मानतं, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात सगळीकडे तेलुगू ऐकू येते.

याच गावाने १९३० साली देशाला काय दिलं तेही सांगतो. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला. जमावाने चौक्या आणि कोर्ट पेटवलं, सरकारी अंमल काही दिवस उठल्यासारखाच झाला, आणि १२ मेपासून इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिली. तेव्हा महाराष्ट्र हे राज्य नव्हतं, कर्नाटक नव्हतं, आंध्र नव्हतं. घरी कोण कोणती भाषा बोलतो हा प्रश्न फाशीच्या दोरालाही पडला नाही आणि गावालाही पडला नाही.

आता कटू वाटेल असं थोडं बोलतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय आपल्या सरकारने काढला. महाराष्ट्रात संताप उसळला आणि जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. तो संताप मला योग्य वाटला, मीही त्यात होतो. पण त्याच काळात मराठी येत नाही म्हणून दुकानदाराच्या, रिक्षावाल्याच्या थोबाडीत मारल्याच्या चित्रफिती फिरत होत्या आणि त्या पाहून मान खाली गेली. मद्रासच्या पोरांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता. पोट भरायला आलेल्या माणसावर हात उचलून मराठी मोठी होत नाही. दिल्लीने आमच्यावर भाषा लादू नये असं आपण म्हणतो, ते म्हणायचा अधिकार आपल्या राज्यातल्या लहान भाषांना आपण कसं वागवतो त्यावर ठरतो. बेळगावच्या मराठी माणसाला मराठीतून कागद मिळावा ही मागणी आपण पिढ्यान्पिढ्या करतो आहोत आणि ती रास्त आहे. मग अक्कलकोट आणि जत तालुक्यांतल्या कानडी माणसाचं काय? २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला. पण त्या गावांनी मुळात कर्नाटकात जायचे ठराव केले होते ते पाण्यासाठी. माणसाला आपलं राज्य कोणतं हे पुष्कळदा नळ सांगतो, नकाशा नव्हे.

या बाबतीत महाराष्ट्राची एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पुण्याची बालभारती मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, सिंधी, कन्नड आणि तेलुगूतूनही पाठ्यपुस्तकं काढते. अक्कलकोटच्या बाजारात एका पुस्तकाच्या दुकानात मी त्यांचं कन्नड पुस्तक उघडून पाहिलं. मुखपृष्ठावर गोल गोल कानडी अक्षरं, आत पत्ता पुण्याचा, आणि सुरुवातीच्या पानांत तीच प्रतिज्ञा. तेलुगूत जन्मलेली, कन्नडमध्ये छापलेली, महाराष्ट्राच्या खर्चाने. दुकानदाराला म्हटलं, खप कसा आहे? तो म्हणाला, ‘पोरं कमी झालीत साहेब, आता सगळ्यांना इंग्लिश मीडियम पायजे.’ हे त्याने मला मराठीत सांगितलं आणि लगेच वळून गल्ल्यावरच्या मुलाला कानडीत सुट्टे काढायला सांगितले.

दर वर्षी १२ जानेवारीला आमच्या हुतात्मा चौकातल्या चार पुतळ्यांना हार घातले जातात. दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होते. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या फेरीला निघतात. नंदीध्वजाची काठी खूप उंच आणि जड असते. कमरेला पट्टा बांधून ती एकच माणूस तोलत चालतो, आणि दमला की दुसरा पुढे होतो. कोणत्या काठीचा मान कोणत्या समाजाचा हे पिढ्यान्पिढ्यांचं ठरलेलं आहे. त्या गर्दीत उभं राहिलं की डाव्या कानाला कानडी आणि उजव्या कानाला तेलुगू ऐकू येते. पुढे कुणी दखनी उर्दूत बाराबंदीतल्या पोराला वाट करून देत असतो, आणि मागून आवाज येतो, ‘सरक की बे, काठी येलालीय.’