विसर्गाचे हसू

रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेली हत्तीची प्रचंड आकृती आहे. अशा कातळशिल्पांची टिपणे अभ्यासक हल्ली संगणकावर उतरवतात. समजा, कोणी लिहिले, ‘डावी कडा झिजलेली (अंशत:)’. कंस मिटताच काही प्रणालींत शेवटची दोन चिन्हे गडप होतात आणि तिथे पिवळा हसरा चेहरा येऊन बसतो. कंस उघडाच राहतो, शब्दाचा विसर्ग जातो, आणि कडा झिजल्याचा लेखकाला आनंद झाला की काय, असे वाटते.

या हसण्याचे मूळ १९८२ सालचे आहे. त्या वर्षी १९ सप्टेंबरला अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातले स्कॉट फालमन यांनी सुचवले, की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. पुढे मधली रेघ गळाली. मग सॉफ्टवेअरमध्ये अदलाबदलीची यादी आली: अमुक चिन्हे लागोपाठ दिसली की तमुक चित्र लावायचे. ही यादी अर्थ पाहत नाही, फक्त क्रम पाहते. म्हणून इंग्रजी आकड्यांच्या यादीतला आठवा मुद्दा कधीकधी काळा चष्मा घालून उभा राहतो. देवनागरी ‘८)’ मात्र यातून सुटतो, यंत्राच्या लेखी तो निराळा अंक आहे.

विसर्ग सुटत नाही, कारण बहुतेक वेळा आपण विसर्ग टाइपच करत नाही. विसर्ग वर्णमालेतला, अपूर्णविराम इंग्रजीकडून आलेला. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने. कागदावर दोन्हींची दोन टिंबेच दिसतात. युनिकोडमध्ये मात्र विसर्गाचा क्रमांक ०९०३ आणि अपूर्णविरामाचा ००३ए. इनस्क्रिप्ट कळफलकावर खरा विसर्ग शिफ्ट दाबून आडव्या रेघेच्या कळीवर मिळतो. तो शोधण्यापेक्षा हाताशी असलेली दोन टिंबे देणे सोपे. मग साध्या शोधात ‘दुःख’ विचारले तर ‘दु:ख’ सापडत नाही. हे नुकसान चेहऱ्याहून मोठे आहे, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही.

चित्रही सगळीकडे चित्र राहीलच असे नाही. आउटलुकमधून पाठवलेला हसरा चेहरा विंगडिंग्ज या फाँटमधला असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर पत्र उघडले, की वाक्याच्या शेवटी नुसते रोमन ‘जे’ अक्षर उरे. शास्त्रज्ञांची अडचण याहून गंभीर होती. ‘मार्च’, ‘सेप्ट’ अशा आद्याक्षरी नावांची मानवी जनुके स्प्रेडशीटमध्ये तारखा बनत. अखेर यंत्र बदलेना, म्हणून जनुकांचीच नावे बदलली. २०२० साली तसे जाहीरही झाले.

यंत्रासाठी आपण बदलायचे का, हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यात लक्ष घातले होते. १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’ची बाराखडी पुढे आणली. त्यावर वाद झाले, बाजूने आणि विरुद्ध लिहिले गेले. अदलाबदलीची यादी आपल्याला कोणी दाखवलीसुद्धा नाही.

चेहरा उमटल्याबरोबर कंट्रोल आणि झेड दाबले, तर पुष्कळ प्रणालींत मूळ चिन्हे परत येतात. यादीतली ती नोंद कायमची काढून टाकणे अधिक बरे. वर्डमध्ये ती ‘ऑटोकरेक्ट’च्या सेटिंगमध्ये सापडते. खरा विसर्ग दिला तर प्रश्नच येत नाही. जुन्या मजकुरात मात्र सगळे अपूर्णविराम एका फटक्यात विसर्ग करता येणार नाहीत. ‘प्राय:’मध्ये विसर्ग हवा आणि ‘वेळ:’मध्ये अपूर्णविरामच, तिथे मराठी जाणणाऱ्या मुद्रितशोधकालाच ओळ न् ओळ वाचत बसावे लागते.