सव्वा महिन्याची संध्याकाळ

दिवेलागण होते, कसारा लोकल टिटवाळा स्टेशन सोडून पुढे जाते आणि माझ्या भाचीचं बाळ टाहो फोडतं. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, चेहरा लालबुंद. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, वजन छान वाढतंय. तरी दोन-दोन तास रडणं. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते, बेंबीभोवती हिंग लावते. शेजारच्या काकू विचारतात, ‘‘काल वाटाण्याची उसळ खाल्लीस का गं?’’ आणि भाचीचे डोळे भरून येतात.

रडण्याचं खापर आईच्या खाण्यावर फोडणारा हा प्रश्न मला फार सलतो. १९५४ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी अशा रडण्याला माप लावलं: दिवसाला तीन तासांहून, आठवड्याला तीन दिवसांहून आणि एकूण तीन आठवड्यांहून जास्त. तो ‘कॉलिक’. पुढे १९६२ साली बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी ८० आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यांतून दिसलं, की धडधाकट बाळांचंही रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं, त्यातही संध्याकाळी जास्त, आणि मग उतरत जातं. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगावर असतात. त्यांचंही रडणं याच वयात वाढतं, फक्त एकेका वेळचं रडणं आखूड असतं.

सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना! घरातले सगळे उपाय नेमके तेव्हाच सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रडणं आपसूक ओसरतं आणि श्रेय मिळतं शेवटच्या उपायाला. मग तो हिंग असो की ग्राइप वॉटर. पोटातला वायू हेच कारण, असं सिद्ध झालेलं नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्याआधीच आईचं ताट रिकामं करणं हा बाळंतिणीवर अन्याय आहे.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध ओढत नाही, अंग मलूल. यातलं काहीही दिसलं तर तडक डॉक्टरांकडे. आणि कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवू नये, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाळण्यात उताणं ठेवून आईनं पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. त्यात निष्ठुरपणा नाही.

काल भाचीनं रडतं बाळ माझ्या खांद्यावर दिलं. मी गॅलरीत फेऱ्या मारत राहिलो. ती आत गरम भात जेवत होती, ताटात वाटाण्याची उसळ होती.