साप निजतो कसा?

माझ्या पुतण्याचें बिऱ्हाड बरींच वर्षें इंग्लंडांत लेस्टर येथें आहे. त्याच्या धाकट्या कन्येनें, कुत्रें नको नि मांजर नको म्हणून, एक साप पाळला आहे. नागपंचमीस पाटावर गंधाचा नाग काढून लाह्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्या घरांतली ही नात. तेव्हां आम्हां वडील मंडळींस प्रथम धडकीच भरली. साप पश्चिम आफ्रिकेंतला, अजगराच्या कुळांतला, बिनविषारी. इंग्लंडांत त्यास रॉयल पायथन म्हणतात, अमेरिकेंत बॉल पायथन. वाढून तो साधारण चार फूट होतो. नातीनें त्याचें नांव ठेविलें आहे मण्या. आपल्या देशांत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथील साप घरीं पाळण्यास बंदी आहे. माझें भाषण ऐकून कोणी धामण पेटींत घालूं नये!

दर रविवारीं दूरध्वनीच्या पडद्यावर नातीचें तोंड दिसतें आणि पाठोपाठ मण्याचें. प्रश्न ठरलेला: "आजोबा, हा आज असा कां पडलाय?" मीं जन्मभर मुलांस शास्त्र शिकविलें खरें, परंतु या एका प्रश्नापायीं मला उतारवयांत पुन्हां पुस्तकें उघडावीं लागलीं.

सापास पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो, म्हणून निजलेला साप आणि जागा साप चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. जें कांहीं समजावयाचें तें शरीराच्या ठेवणीवरून. हा अजगर भ्याला म्हणजे डोकें मधोमध दडवून चेंडूसारखा घट्ट गोळा होतो. बॉल हें नांव त्यावरूनच पडलें. परंतु विश्रांतीचें वेटोळें निराळें. तें सैल असतें आणि डोकें सहसा वरच्या वळ्यावर टेकलेलें असतें. दोहोंतला भेद एकदां डोळ्यांत बसला म्हणजे चुकत नाहीं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सापास आपल्यासारखी अंगची ऊब राखतां येत नाहीं; ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. गारठा असला कीं तो अंग आवळतो, ऊब पुरेशी झाली कीं दोरासारखा लांब पसरतो. म्हणून मण्याच्या पेटीची एक बाजू सुमारें ३२ अंश आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास ठेवितात. तो दिवसभर पाण्याच्या भांड्यांत बसून राहिला, तर उकाडा झाला आहे, कात टाकण्याची वेळ आली आहे, किंवा खवल्यांखालीं बारीक किडे झाले आहेत, असें समजावें. आधीं उष्णतामापक पाहावा आणि मग साप पाहावा, हा माझा नियम झाला आहे.

आतां उताण्या सापाविषयीं. अंडीं पोटांत असलेली अजगराची मादी पुष्कळदां कुशीवर किंवा पोट वर करून पडते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पाहणारा घाबरतो, पण ती ठणठणीत असते. अंडीं घातल्यावर ती त्यांभोंवतीं वेटोळें घालून सुमारें दोन महिने बसते, आणि त्यामुळें अंडीं सुकत नाहींत. आपल्या भारतीय अजगराची मादी तर याहून नवलाची. लामार-पिको नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें १८३२ सालीं सांगितलें कीं, ही मादी अंडीं उबवितांना स्वतः ऊब उत्पन्न करते. पॅरिसच्या पंडितांचा त्यावर विश्वास बसला नाहीं. पुढें १८४१ मध्यें तेथल्याच प्राणिसंग्रहांत व्हॅलेन्सिएन यांनीं उष्णतामापक लावून पाहिला, तेव्हां प्रवाशाचें म्हणणें खरें ठरलें. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहांतील मादीवर झालेल्या प्रयोगांतून उलगडा झाला कीं, ती स्नायू वरचेवर आकुंचित करून, म्हणजे जवळजवळ कुडकुडून, ही ऊब आणते. असें थरथरणारें वेटोळें पाहून कोणीही आजाराचीच शंका घेईल. मण्याच्या जातीची मादी मात्र अशी कांपत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. गेल्या हिंवाळ्यांत मण्या मान कांचेस टेकून व डोकें उंच करून बसलेला दिसला. मीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, "बाळ, तो तुझ्याकडे पाहतो आहे. आपला नाग असाच दिमाखांत बसतो." पोरीचा आजोबांवर विश्वास. आठ दिवसांनीं मण्याच्या नाकांतून शिटीसारखा आवाज येऊं लागला आणि तोंडांत फेंस दिसला.

पशुवैद्यानें फुप्फुसाचा विकार सांगितला. पेटी तापविणारें यंत्र बिघडून ऊब उतरली होती. सापाच्या छातींत आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळें त्यास खोकून कफ काढतां येत नाहीं. वाट मोकळी राहावी म्हणून तो डोकें वर धरून ठेवतो. कुतूहलानें मान उंचावणारा साप कांहीं मिनिटांत ती खालीं घेतो. आजारी साप तासन्‌तास तशीच ठेवतो, आणि बहुधा तोंड किंचित् उघडें असतें. मीं पहिल्या दिवशीं एवढें विचारलें असतें, तर आठ दिवस वांचले असते. कित्येक आठवडे सुया टोंचून घेऊन मण्या वांचला. या जातीच्या फुप्फुसरोगामागें कधींकधीं एक विषाणुही असतो, हें २०१४ मध्यें उजेडांत आलें.

याहून वाईट लक्षण म्हणजे मान मागें वळून तोंड आभाळाकडे लागणें. तो मेंदूचा व मज्जेचा विकार. अति उष्णतेनें, विषानें किंवा संसर्गानें होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. साप हळूच उताणा करावा. निरोगी साप आधीं डोकें आणि मग अंग वळवून लागलीच सुलटा होतो. ज्यास हें जमत नाहीं, त्यास त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावा. भक्ष्य गिळल्यापासून दोन दिवस मात्र त्यास हात लावूं नये. अमेरिकेंतला हॉगनोज नांवाचा साप या परीक्षेस फसवितो. तो भयानें मेल्याचें सोंग घेतो, आणि सुलटा केला तर पुन्हां उताणा होतो!

गेल्या रविवारीं मण्या अर्धा फांदीवर व अर्धा अधांतरीं लोंबकळत होता. मी कांहीं बोलण्याआधींच नात म्हणाली, "आजोबा, उबेची बाजू बत्तीस आहे, तोंड मिटलेलं आहे, आणि मी त्याला उताणा करून पाहिलं. लगेच वळला." मग आम्ही दोघांनीं त्यास तसाच निजूं दिला.